पक्षाघातानंतर हरवणारी डावी बाजू

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जागतिक पक्षाघात दिनाच्या निमित्ताने, २९ ऑक्टोबरला, आपल्या दैनिकाने काढलेली आरोग्य पुरवणी मी दोनदा वाचली. तोंड वाकडे होणे, एक हात वर न उचलला जाणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसताच वेळ न दवडता रुग्णालय गाठावे, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, हे त्या पुरवणीत इतक्या सोप्या शब्दांत सांगितले होते की तिच्या दोन जादा प्रती आणून मी आमच्या गल्लीतल्या दोन घरांत दिल्या. तरीही एका गोष्टीचा तिच्यात उल्लेख नव्हता, आणि तीच गोष्ट न कळल्यामुळे आमच्या घराने जे दोन महिने काढले ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पक्षाघाताने मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला इजा झाली, तर पुष्कळ रुग्णांच्या लक्षातून डावीकडचे जगच निघून जाते. डोळे चांगले असतात, चष्म्याचा नंबर बदललेला नसतो, आणि तरीही डावीकडे उभा असलेला माणूस, डावीकडची दाराची चौकट, ताटातली डावी बाजू त्यांच्या लेखी नसतेच. डॉक्टर मंडळी याला ‘निग्लेक्ट’ म्हणतात. आपल्या मराठीत ‘डावलणे’ असे क्रियापद आहे. या आजारात ते अक्षरशः घडते, पण रुग्णाच्या नकळत.

माझे यजमान एस.टी.मध्ये ३१ वर्षे चालक होते. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरकडे जाणारा रस्ता त्यांच्या हातात बसलेला होता. गेल्या वर्षी श्रावणात त्यांना पक्षाघात झाला, नऊ दिवस ते रुग्णालयात होते, आणि घरी सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर रक्तदाबाच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवण्याची गोळी आणि डाव्या हातापायाचे व्यायाम एवढे लिहिलेले होते. जीव वाचवणाऱ्या त्या डॉक्टरांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण आम्ही घरी आणलेला माणूस नेमका कशाने बदलला आहे, हे आम्हाला कुणी सांगितले नाही.

पहिल्यांदा जाणवले ते जेवताना. आपल्याकडे मीठ वरती मधोमध, त्याच्या डावीकडे लिंबू, लोणचे, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी-आमटी असे वाढण्याची रीत आहे. यजमान भाजी खात, आमटी संपवत, भाताची मूद मधोमध सुरीने कापल्यासारखी उजवीकडून खात, आणि मग मला विचारत, “आज चटणी केली नाहीस का?” चटणी ताटातच होती. मला वाटले, आजारपणाने चिडचिड वाढली आहे, मुद्दाम बोलत असतील. एकदा वाटी काढून घेण्यासाठी मी ताट जरा फिरवले, तर उरलेला भात आणि कोशिंबीर त्यांच्या उजव्या हाताशी आली आणि ते शांतपणे पुन्हा जेवू लागले. वर म्हणाले, “आत्ता वाढलीस होय?” त्या क्षणी मी घाबरले, पण कुणाला काय विचारावे हेच कळेना.

मग एकेक गोष्ट दिसत गेली. दाढी उजव्या गालाचीच होई. सदऱ्याची डावी बाही तशीच लोंबत राही. चालताना डावा खांदा प्रत्येक दाराच्या चौकटीला घासे. सकाळचे वर्तमानपत्र ते हातात घेत, पण ‘अपघात’ या शब्दातला ‘घात’ आणि ‘बिनविरोध’मधला ‘विरोध’ तेवढा वाचत, आणि हल्ली बातम्यांना काही अर्थच लागत नाही म्हणून पेपर बाजूला ठेवत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नवा चष्मा दिला, त्याने काही फरक पडला नाही. सर्वांत वाईट वाटते ते माझ्या धाकट्या दिरांचे. ते गावाहून भेटायला आले, पलंगाच्या डाव्या बाजूच्या खुर्चीवर बसले, अर्धा तास बोलत राहिले आणि यजमान उजवीकडच्या भिंतीकडे पाहत गप्प पडून होते. “दादाला माझ्याशी बोलायचंच नाही,” असे म्हणून ते उठून गेले ते गौरी-गणपतीलाही आले नाहीत. दोन भावांमध्ये एवढा दुरावा यावा असे काहीही घडलेले नव्हते; ती खुर्ची पलंगाच्या उजवीकडे असती तर पुरे झाले असते.

दसऱ्यापर्यंत हातापायात चांगली ताकद आली होती. स्कूटरची पूजा झाली, झेंडूची माळ घातली, आणि यजमानांनी कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो म्हणून हट्ट धरला. सारे आयुष्य गाडी चालवण्यात गेलेल्या माणसाला मी नाही म्हणू शकले नाही. कोपऱ्यावर डावीकडे फुलांची हातगाडी उभी होती. स्कूटर सरळ तिच्यावर गेली. ईश्वरकृपेने कुणालाही लागले नाही, फुलांचे नुकसान आम्ही भरून दिले. “एवढी मोठी गाडी दिसली नाही का हो काका?” असे त्या फुलवाल्या बाईंनी विचारले, तेव्हा यजमान अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, “गाडी नव्हतीच तिथं.” ते खोटे बोलत नव्हते, आणि स्वतःचा बचावही करत नव्हते. त्यांच्यापुरती ती गाडी तिथे खरोखरच नव्हती.

त्यानंतर आम्ही दुसऱ्या ठिकाणी गेलो आणि तिथल्या एका तरुण ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलीने पाच मिनिटांत दोष शोधला. तिने कोऱ्या कागदावर २० सेंटिमीटर लांबीची आडवी रेघ ओढली आणि आजोबांना तिच्या मध्यावर खूण करायला सांगितले. खूण उजव्या टोकापासून ५ सेंटिमीटरवर पडली. मग घड्याळ काढायला सांगितले. वर्तुळ बरे आले, पण १ ते १२ हे सगळे आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवलेले होते आणि डावा अर्धा रिकामा होता. घड्याळ पूर्ण झाले का, असे तिने विचारल्यावर यजमान समाधानाने ‘हो’ म्हणाले. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत लहान मुलांना घड्याळ काढायला शिकवले आहे. त्या कागदाकडे पाहताना मला रडू आवरले नाही.

त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचले, त्या थेरपिस्ट मुलीला आणि मेंदूविकार तज्ज्ञांना प्रश्न विचारून भंडावून सोडले. त्यातून जे समजले ते सांगते, कारण आजार समजल्याशिवाय घरच्यांचा राग जात नाही.

आपण डोळे उघडले की समोरचे सगळे आपोआप दिसते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला, लहानसा भागच बारकावे टिपू शकतो, आणि म्हणून आपली नजर सेकंदाला साधारण तीन वेळा इकडून तिकडे उड्या मारत असते. पुढची उडी कुठे घ्यायची हे मेंदू ठरवतो. एवढेच नव्हे, नजर न हलवताही लक्ष हलवता येते. १९व्या शतकातले जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी अंधारात बसून, नजर एका बिंदूवर स्थिर ठेवून, क्षणभराच्या विजेच्या ठिणगीच्या उजेडात अक्षरे पाहण्याचा प्रयोग केला होता. ठिणगी पडण्याआधी ज्या भागाकडे लक्ष द्यायचे मनाशी ठरवावे त्याच भागातली अक्षरे ओळखता येत, बाकीची येत नसत, असे त्यांना आढळले. १९८०मध्ये अमेरिकेतले मायकल पॉस्नर यांनी हेच मोजून दाखवले. माणसाने पडद्याच्या मध्यावर नजर रोखून ठेवायची, मधला बाण डावी किंवा उजवी बाजू दाखवणार, आणि मग कुठल्या तरी बाजूला दिवा लागणार. बाणाने दाखवलेल्या बाजूला दिवा लागला तर बटण लवकर दाबले जाते, उलट बाजूला लागला तर उशीर होतो. हा फरक सेकंदाच्या काही शतांशांचा असतो, पण तो दर वेळी दिसतो. हे वाचताना मला यजमानांचे एक जुने वाक्य आठवले. नव्या चालकांना ते सांगत, “नजर पुढं, ध्यान दोन्हीकडं.” रस्त्याच्या डाव्या कडेने चाललेले शाळकरी पोर डोळे न वळवता टिपण्याची ही कसबच त्यांच्या नोकरीचा प्राण होती.

हे ध्यान सांभाळण्याचे काम मेंदूतले अनेक भाग मिळून करतात. त्यात डोक्याच्या माथ्यामागचा, कानाच्या वरच्या बाजूचा पॅरायटल लोब आणि कपाळामागचा भाग हे मुख्य. मॉरिझिओ कॉर्बेटा आणि गॉर्डन शुलमन या संशोधकांनी २००२मध्ये त्यांची मांडणी दोन जाळ्यांच्या रूपात केली. एक जाळे आपण ठरवू तिकडे लक्ष नेते आणि ते मेंदूच्या दोन्ही बाजूंना असते. दुसरे जाळे अचानक काही घडले की लक्ष खेचून घेते, आणि ते प्रामुख्याने उजव्या बाजूला असते. याच्या आधीपासून मानले जाणारे आणखी एक स्पष्टीकरण असे की मेंदूचा डावा भाग फक्त उजवीकडच्या जगावर लक्ष ठेवतो, तर उजवा भाग दोन्हीकडच्या. त्यामुळे डाव्या भागाला इजा झाली तर उजवा भाग सांभाळून घेतो, पण उजव्याला झाली तर डावीकडे पाहणारे कुणी उरत नाही. उजव्या मेंदूच्या पक्षाघातानंतर हा दोष अधिक वेळा आणि अधिक तीव्र दिसतो, त्याचे कारण हे.

हा दोष डोळ्यांचा नाही याचा सर्वांत विलक्षण पुरावा इटलीतल्या मिलान शहरातून आला. एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुझ्झात्ती यांनी १९७८मध्ये आपल्या रुग्णांना शहराच्या ओळखीच्या मुख्य चौकाचे वर्णन नुसत्या आठवणीतून करायला सांगितले. कॅथीड्रलकडे तोंड करून उभे आहोत अशी कल्पना केल्यावर त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या गाळल्या. मग कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहून चौकाकडे पाहत आहोत अशी कल्पना करायला सांगितली, तेव्हा आधी गाळलेल्या इमारती त्यांनी बिनचूक सांगितल्या आणि मघाशी सांगितलेल्या सोडून दिल्या.

हे वाचल्यावर मी न राहवून यजमानांना आमच्या गावच्या मारुतीसमोर, मनातल्या मनात, उभे केले. देवळाकडे तोंड असताना त्यांनी चावडी सांगितली, पिठाची गिरणी सांगितली, दूध डेअरी सांगितली. शाळा, पार आणि न्हाव्याचे दुकान यांचे नावही काढले नाही. थोड्या वेळाने म्हटले, आता देवाला पाठ करून उभे राहा आणि समोर काय काय आहे ते सांगा. शाळा आली, पार आला, न्हाव्याचे दुकान त्याच्या मालकाच्या स्वभावासकट आले. गिरणी आणि चावडी नाहीशी झाली. या परीक्षेला आमच्या खोलीत चौकही नव्हता आणि देऊळही नव्हते, डोळ्यांचा संबंधच नव्हता. सर्वच रुग्णांमध्ये आठवणीतली बाजू अशी हरवत नाही, पण यजमानांची हरवली होती. त्या संध्याकाळी मी दिरांना फोन करून सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या गाडीने आले आणि पलंगाच्या उजवीकडे बसले.

न दिसलेल्या बाजूचेही काही तरी आत पोहोचत असते, हेही मला महत्त्वाचे वाटते. १९८८मध्ये जॉन मार्शल आणि पीटर हॅलिगन यांनी एका रुग्ण स्त्रीला एकाखाली एक अशी दोन घरांची चित्रे दाखवली. त्यांतल्या एका घराच्या डाव्या बाजूने ज्वाळा निघत होत्या. दोन्ही घरे सारखीच आहेत, असे ती म्हणाली. पण यांपैकी कुठल्या घरात राहाल, असे विचारल्यावर, हा प्रश्नच वेडगळ आहे असे म्हणत म्हणत तिने बहुतेक वेळा न जळणारे घर निवडले. डोळ्यांनी पाहिले होते, मेंदूच्या कुठल्या तरी कोपऱ्यापर्यंत ते गेलेही होते, पण जाणिवेपर्यंत आले नव्हते.

उपचारांविषयी मी जपून लिहिते, कारण मी डॉक्टर नाही. पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांचा हा दोष आपोआप बराच ओसरतो, पण काहींमध्ये तो वर्ष उलटले तरी राहतो. दृश्य उजवीकडे सरकवणारे प्रिझमचे चष्मे लावून हाताच्या हालचालींचा सराव करण्याची पद्धत फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९८मध्ये मांडली. तिच्याकडून मोठी आशा होती, मात्र नंतरच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे आलेले नाहीत. आम्हाला उपयोगी पडले ते साधे, चिकाटीचे उपाय. वर्तमानपत्राच्या स्तंभाच्या डाव्या कडेला मी लाल पेन्सिलीने उभी रेघ ओढते, आणि ती रेघ दिसेपर्यंत मान वळवायची, मगच ओळ वाचायला लागायची, असा आमचा नियम आहे. ताटाच्या डाव्या काठाला लाल चिकटपट्टी लावलेली आहे. पॉस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४मध्ये दाखवले की अशा रुग्णांचे लक्ष एकदा उजवीकडे गुंतले की ते तिथून सोडवून डावीकडे आणणे त्यांना फार जड जाते, पण डावीकडे आधीच इशारा मिळाला तर बरेच सोपे जाते. हे कळल्यावर जेवताना टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली, कारण तो उजवीकडच्या भिंतीवर होता. कुणी डावीकडून आले तर आधी हाक मारते, डाव्या खांद्याला हात लावते आणि मग बोलायला लागते. पाण्याचा तांब्या, घंटी आणि फोन मात्र उजवीकडेच ठेवावेत. अडचणीच्या वेळी व्यायामाचा हट्ट नको, असे त्या थेरपिस्ट मुलीने बजावले होते आणि ते मला पटते.

आता यजमान डाव्या गालाचीही दाढी करतात, बहुतेक शब्द पूर्ण वाचतात. दमले की डावी बाजू पुन्हा निसटते. गाडी त्यांनी सोडली आहे, आणि ती सोडणे त्यांना किती जड गेले हे मी पाहिले आहे.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. उजव्या मेंदूच्या पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाची रेघेची आणि घड्याळाची चाचणी घरी सोडण्याआधी व्हावी आणि तिचा निकाल डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहावा. या चाचणीला यंत्र लागत नाही, कागद आणि पेन्सिल पुरते. रुग्णालयाने घरच्यांना समोर बसवून दहा मिनिटे हा दोष समजावून सांगावा, कारण रुग्ण स्वतः तक्रार करू शकत नाही. काही हरवले आहे हेच त्याला ठाऊक नसते. ग्रामीण भागात घरोघरी जाणाऱ्या आशाताईंना ही रेघ ओढायला शिकवावी. आणि पक्षाघातातून उठलेल्या माणसाला पुन्हा वाहन चालवण्यासाठी वैद्यकीय दाखला देताना केवळ हातापायाची ताकद आणि तक्त्यावरची अक्षरे पाहू नयेत. तक्त्यावरची अक्षरे एकेक करून, वेळ घेऊन वाचता येतात. रस्त्याची डावी कड क्षणात ध्यानात यावी लागते, आणि आपल्या देशात वाहने डावीकडून चालत असल्यामुळे पायी चालणारी माणसे, सायकली आणि हातगाड्या बहुधा त्याच कडेला असतात.

शेवटी आपल्याला एक विनंती. पुढच्या वेळी पक्षाघातावर पुरवणी काढाल, तेव्हा तिच्या एखाद्या पानावर मधोमध, आजूबाजूला मजकूर न ठेवता, २० सेंटिमीटरची आडवी रेघ छापावी आणि खाली एवढेच लिहावे: घरात पक्षाघाताचा रुग्ण असेल तर हे पान त्याच्यासमोर सरळ धरा, या रेघेच्या मध्यावर खूण करायला सांगा, आणि खूण मध्यापासून बरीच उजवीकडे पडली तर हे पान घेऊन डॉक्टरांकडे जा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
जिल्हा सातारा